ब्रोमाइटची पिंपं

रविवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, राग गिळू नका आणि लोकांवर ओतूही नका, लिहून काढा. हे लगेच जाऊन वही घेऊन आले. एरवी यांना कोपऱ्यावरून दाढीचं पातं आणायला सांगितलं तर आठवडा जातो. "लिही," म्हणाले, "तेवढाच घराला आराम." आणि परत भिंग घासायला बसले. हे चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत आणि उरलेलं काम घरी आणतात, कारण भिंगं उलटून बोलत नाहीत.

तर लिहिते. मी रागावलेली आहे. कपड्यांना रंग देणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अर्धं आयुष्य काढलं. नव्या मालकाने तपासणीचं यंत्र आणलं, यंत्र चालवायला स्वतःचा भाचा आणला आणि मला फुलांचा गुच्छ दिला. गुच्छ मी फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात उभा करून आले. फुलांचा दोष नव्हता, पण डबा वाटेत होता.

घरी येऊन रडत बसणाऱ्यांतली मी नाही. लग्नाचंसुद्धा यांना मीच विचारलं होतं, नाहीतर हे अजून विचारच करत बसले असते. गुच्छाच्या दुसऱ्याच दिवशी मी घरामागची टायरवाल्याची रिकामी शेड झाडून घेतली. कारखान्याला कापडातली खळ, म्हणजे विणताना सुताला लावलेली कांजी, काढायला ब्रोमाइटचा द्राव लागतो. तो लांबून येतो आणि येईपर्यंत निम्मा मेलेला असतो. मी वर्षानुवर्षं हेच सांगत होते आणि भिंत ऐकत होती. आता मीच तो करणार, ताजा, आणि त्यांनाच विकणार. भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी बस चालवायची नोकरी सोडली आणि व्हॅन घेऊन माझ्याबरोबर आले. मी म्हटलं, "विचार करा हवा तर." ते म्हणाले, "तुम्ही केलाय ना वहिनी, मग झालं."

आज पहिलं पिंप जमलं. सुंदर पिवळा रंग.

बुधवार, ७ फेब्रुवारी

धाकटी, म्हणजे माझी जाऊ, शेडच्या दारात उभी राहून नाकाला पदर लावत होती. "ताई, या पिवळ्या पाण्यासाठी यांनी नोकरी सोडली का?" तिच्या बोलण्यात खोच होती. तरी मी समजावून सांगितलं, कारण नवऱ्याने कशावर पोट ठेवलंय ते बायकोला कळलं पाहिजे.

म्हटलं, पिंपात तीन भाऊ आहेत असं समज. बर्फात ठेवलेल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ब्रोमीन सोडलं की आधी जन्मतो धाकटा, हायपोब्रोमाइट. तापट. खळ खाता खाता सूतही खातो. त्याला थोडा वेळ धीराने ठेवला की होतो मधला, ब्रोमाइट. हाच आपल्या कामाचा, खळ तेवढी काढतो आणि सुताला हात लावत नाही. पण आणखी तसाच राहू दिला, किंवा कॉस्टिक कमी पडलं, की त्याचा होतो थोरला, ब्रोमेट. अंगात ताकद सगळी, पण ढिम्म. खळीसमोर बसून राहील आणि बोटही उचलणार नाही.

"मोठ्या भाऊजींसारखा," धाकटी म्हणाली. हे यांच्यावर होतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"आणि यांचं आम्ल असतं ना काहीतरी?"

"मधल्याचं असतं. ब्रोमस आम्ल. पण ते कुणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही. जन्मतं आणि मोडतं. त्याचे क्षार तेवढे टिकतात, तेही भरपूर कॉस्टिक असेल तरच."

"मग पिंपात मधला आहे की थोरला, हे कळतं कसं?"

प्रश्न बरा होता. सांगितलं, द्रावाचा नमुना घ्यायचा, त्यात आयोडाइड घालायचं आणि सौम्य आम्ल घालायचं, अॅसेटिक, ते व्हिनेगरच्या वासाचं. सौम्य आम्लात मधला लगेच उत्तर देतो, पाणी तांबडं होतं, आणि थोरला गप्प राहतो. ते तांबडं घालवायला ब्युरेटच्या नळीतून थायो किती सोडावं लागलं, तो मालाच्या ताकदीचा आकडा. कडक आम्ल घातलं तर मात्र थोरलाही दचकून उठतो आणि हजेरी लावतो, आणि आपल्याला वाटतं मधलाच बोलला. म्हणून विचारायचं ते सौम्यपणे.

धाकटी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग "बरंय" म्हणून वर गेली. तिला काय कळलं कोण जाणे.

सोमवार, १२ फेब्रुवारी

पहिला माल गेला. मी मुद्दाम व्हॅनमधून गेले. फाटकावरचा मला ओळख दाखवेना. दाखवली नाही तर नाही.

डाइंग मास्तर मात्र उठून उभे राहिले. खळ काढायचा हौद आणि त्यापुढचं सगळं रंगकाम त्यांच्या हाताखाली चालतं. आमचं वीस वर्षं भांडण आहे, म्हणजे ओळख घट्ट आहे. माझ्या द्रावातून काढलेल्या कापडावर त्यांनी आयोडिनचा थेंब टाकला. खळ उरली असेल तर थेंब निळा-काळा होतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. थेंब पिवळा तो पिवळाच राहिला. मास्तरांनी कापड उलटसुलट केलं, आणखी एक थेंब टाकला. तोही पिवळा.

"बाई, माल चांगला आहे," ते म्हणाले. जीभ उचलायला कष्ट पडले त्यांना. वर म्हणाले, महिनाभर बघतो, जमलं तर वर्षाचं काम तुमचंच.

भाऊजी परत येताना गाणं म्हणत होते. त्यांना गाता येत नाही. मी काही बोलले नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मास्तरांचा फोन. "बाई, तेवढं कॉस्टिक जरा कमी करा. कापड हाताला बुळबुळीत लागतं, पोरं कुरकुर करतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. मला कॉस्टिक शिकवतात. आठ दिवसांपूर्वी चांगला होता तो माल, आणि आज पोरं कुरकुर करतात म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं. जरा कमी मागितलंय ना, मी निम्मं केलं. घ्या. आता हात सुळसुळीत राहतील तुमच्या पोरांचे.

भाऊजींनी विचारलं, "निम्मं चालतं का, वहिनी?" मी म्हटलं, "गाडी कोण चालवतं आणि द्राव कोण करतं?" ते म्हणाले, "बरोबर आहे."

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

अॅसेटिकची बाटली गायब. शेडमध्ये नाही, फडताळात नाही, जिन्याखाली नाही. पिंप तपासायला उघडून ठेवलेलं आणि मी बाटली शोधत फिरतेय. घर डोक्यावर घेतलं, आणि घेणारच.

"बाटली कुणी नेली?" मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हे भिंगावरून डोकं न उचलता म्हणाले, "मी नेली असेन."

"कशाला?"

"भिंगं पुसायला?" हे म्हणाले. त्यांनीच मला विचारल्यासारखं.

यांना कशाचाही आळ घाला, घेतात. मागे सासूबाईंची छत्री हरवली तेव्हाही यांनीच हरवली होती, आणि ती मामांकडे सापडली. तरी बरं, या घरात निकाल लवकर लागतो. बाटली कुठे ठेवली ते मात्र यांना आठवेना. मी वर धाकटीकडे बघायला गेले. तिच्याकडेही नव्हती. तिचा नळ मात्र आरशासारखा चकचकत होता, क्षारांचे पांढरे डाग पार गेलेले. मी म्हटलं, कधी नव्हे ते घासलास. ती लाल झाली. कौतुकाची सवय नाही तिला.

आम्लाचा पुरवठादार म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. त्याला पुन्हा फोन करून विनवण्या करणार नाही. शेडमध्ये कडक आम्ल आहे, हायड्रोक्लोरिक. ताज्या पिंपात ब्रोमेट असून असून असणार किती? तेवढ्यापुरतं चालेल. आकडा उत्तम आला. शेवटचा रंगही कसा झटकन बदलतो, सौम्य आम्लासारखी वाट बघत बसायला लागत नाही.

शनिवार, २ मार्च

अॅसेटिक आलं नाही. येवो न येवो, माझं अडत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण कारखान्यात असते तर पेढे मागितले असते. गेल्या आठवड्याच्या पिंपाचा नमुना आज पुन्हा तपासला. आकडा कणभरही उतरलेला नाही. कारखान्याच्या जुन्या पुरवठादाराचा द्राव दोन दिवसांत निम्म्यावर यायचा. माझा द्राव मरतच नाही. कॉस्टिक निम्मं करूनसुद्धा. भल्या भल्या पुस्तकांनी लिहून ठेवलंय की हा टिकत नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांना कधी शेड झाडायला लागली नसेल.

रंग जरा उतरल्यासारखा वाटला, फिका, जवळजवळ पाण्यासारखा. शेडमधला दिवा बदलायला हवा.

गुरुवार, ७ मार्च

मास्तरांचा फोन. खळ निघत नाही म्हणे. थेंब निळा पडतो. गुलाबी कापडावर ढगांसारखे डाग उठले.

मी शांतपणे सांगितलं की माझ्या पिंपाचा आकडा पूर्ण आहे. ते म्हणाले, आकडा असेल, पण खळ आहे तिथंच आहे. मी शांतपणे म्हटलं की तुमच्या हौदात काय घाण पडलीय ते आधी बघा. ते म्हणाले, बाई, ओरडू नका. मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे.

फोन ठेवल्यावर पिंप पुन्हा तपासलं. पूर्ण. चार वेळा तपासलं. पूर्ण, पूर्ण. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मालकाच्या भाच्याला माझा माल नको असणार, आणि मास्तर त्याच्या ओंजळीने पाणी पितायत. वीस वर्षं तोंडावर भांडलेला माणूस. निदान पाठीमागून वार करणार नाही असं वाटलं होतं. याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

मंगळवार, १२ मार्च

पुन्हा तक्रार. मास्तर या वेळी भांडलेसुद्धा नाहीत. "बाई, मला वर उत्तर द्यावं लागतं. आणखी एक खेप बघतो," एवढंच. ते भांडत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

शेडमधून माल पूर्ण निघतो. हौदात पडतो तेव्हा त्यात दम नसतो. मध्ये काय आहे? मध्ये रस्ता आहे आणि व्हॅन आहे. मला हे लिहितानाही लाज वाटते. पण विज्ञानाला नातीगोती नसतात.

भाऊजी हल्ली उशिरा येतात. माल पोचवून यायला संध्याकाळ होते. विचारलं की "रस्त्यात गर्दी" म्हणतात. आज आले तेव्हा सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. हात लालभडक, पाण्यात भिजून सुरकुतलेले. जवळ गेले तर कांजीचा वास. काल धाकटीने दोरीवर त्यांचा सदरा वाळत घातला होता तोही अवेळी.

बस चालवणाऱ्या माणसाचं पाण्याशी काय काम?

बुधवार, १३ मार्च

विचारलं. आज सगळा निकाल लागला. रागात लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर नंतर मला दोष नको.

ते शेडमध्ये बर्फाच्या टबाशेजारी स्टुलावर बसले होते. मी उभी होते. म्हटलं, वाटेत पिंपं कुठे उघडता? म्हणाले, कुठेच नाही. म्हटलं, मग बाह्या ओल्या कशाने? त्यांनी बाह्या खाली ओढल्या. म्हटलं, पिंपातला माल काढून दुसऱ्याला विकता आणि वर पाणी भरता, असंच ना? ते म्हणाले, "वहिनी, असं काही नाही." मग मी सगळं काढलं. त्यांच्या शिक्षणापासून काढलं. बसची नोकरी कुणाच्या भरवशावर सोडली ते काढलं. यांनी त्यांना लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलं तेही काढलं. हे दारात आले, माझं तोंड बघितलं आणि परत गेले. धाकटी जिन्यात उभी होती.

मी म्हटलं, "एकदाचं खरं बोला. पाणी घातलंत की नाही?"

ते बर्फाकडे बघत म्हणाले, "हो, वहिनी."

"किती घातलंत?"

"तुम्ही म्हणाल तेवढं."

बघा. कबूल करतानाही सरळ उत्तर नाही. ताकास तूर लागू देत नाही हा माणूस. मी म्हटलं, उद्यापासून या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. त्यांनी व्हॅनची किल्ली टेबलावर ठेवली. किल्ली ठेवताना आवाजसुद्धा केला नाही. तो केला असता तरी मला बरं वाटलं असतं.

रविवार, १७ मार्च

वरचा मजला रिकामा झाला. स्टेशनपलीकडे भाड्याची खोली घेतली म्हणे. बसवाल्यांनी परत घेतलंय, पण आता बदली ड्रायव्हर म्हणून, कधी बोलावतील तेव्हा. धाकटी निघताना माझ्या पाया पडली नाही आणि भांडलीही नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही हुशार आहात." एवढंच. हा काय निरोप झाला?

हे सामान चढवायला गेले होते. आल्यापासून भिंग घासतायत. मी म्हटलं, "तुम्हाला वाटतं का मी चूक केली?"

"नाही," हे म्हणाले.

निदान एक माणूस तरी माझ्या बाजूने आहे.

गुरुवार, २१ मार्च

आज शेवटची खेप. पिंप मी भरलं, मी तपासलं, झाकणाला लाखेचं सील मी लावलं. भाड्याच्या व्हॅनमध्ये मी पिंपाला खेटून बसले, ड्रायव्हरला पुढे एकटंच बसवलं. कारखान्यात सील माझ्या हाताने फोडलं. माझ्या डोळ्यांसमोर हौदात ओतलं, माझ्या डोळ्यांसमोर कापड भिजलं, धुतलं. मास्तरांनी आयोडिनची बाटली माझ्याच हातात दिली.

थेंब टाकला. शाईसारखा निळा झाला.

मी म्हटलं, कापड बदला. बदललं. निळा. म्हटलं, आयोडिन खराब आहे. मास्तरांनी पांढरा धुतलेला रुमाल काढून त्यावर टाकून दाखवलं. पिवळा. मग मी म्हटलं, मला प्रयोगशाळा उघडून द्या. कुणी नाही म्हणायच्या आत मी आत होते.

यंत्रावर आच्छादन घातलेलं होतं आणि भाचा मोबाइल बघत होता. मी त्याला उठवलं. माझ्या जुन्या फळीवर माझी जुनी बाटली होती, माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली: सौम्य. हात लावू नये. कुणी लावलाही नव्हता.

पिंपातला नमुना घेतला, आयोडाइड घातलं, अॅसेटिक घातलं. फ्लास्कमध्ये कसाबसा पिवळसर रंग आला. थायोचे दोन-चार थेंब पडले आणि तोही गेला. द्राव मेलेला. पुन्हा केलं, मेलेला. मग त्याच पिंपाचा नमुना घेऊन कडक आम्ल घातलं. गडद तांबडा. ब्युरेट खाली खाली जातेय आणि रंग संपत नाही. आकडा पूर्ण.

मी स्टुलावर बसले. भाच्याने विचारलं, पाणी आणू का. मी नको म्हटलं.

पिंपात मधला उरलाच नव्हता. कॉस्टिक मी निम्मं केलं त्या आठवड्यापासून तो भराभर थोरला होत होता. आणि मी रोज कडक आम्ल घालून विचारत होते, आहेस ना? थोरला दचकून उठत होता आणि हजेरी लावत होता. आकडा कसा उतरणार? ताकद तेवढीच राहते, माणूस बदलतो. हे मी धाकटीला दारात उभी करून शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण.

मास्तर मागे येऊन उभे होते. म्हणाले, "बाई, सापडलं का?" मी म्हटलं, सापडलं. त्यांनी काय ते विचारलं नाही. जरा वेळाने म्हणाले, "तुमचे दीर कसे आहेत? येत नाहीत हल्ली."

"त्यांचं इथे काय काम?"

"खळ राहिलेले तागे ते आमच्या पोरांबरोबर गरम पाण्यात धुवायचे की. रोज संध्याकाळपर्यंत. म्हणायचे, माल परत पाठवू नका, वहिनींनी जीव ओतलाय त्यात. त्यांच्यामुळे तर मी एवढे दिवस वर काही कळू दिलं नाही. मला म्हणाले, त्यांना सांगू नका, रागावतील."

मी मास्तरांवर रागावले. असलं लपवतात का, असं म्हणाले. ते म्हणाले, "बघा."

पुढच्या पिंपात कॉस्टिक पूर्ण घालून आणा, मग बघू, एवढं त्यांनी जाताना सांगितलं. काम वाचलं म्हणायचं. मला आनंद झाला नाही.

गुरुवार, पुन्हा

झोप येत नाही म्हणून नव्हे, राग येतोय म्हणून लिहिते. द्रावाचं समजलं. द्राव माझी चूक, कबूल. पण तो माणूस खोटं का बोलला? पाणी घातलं नव्हतं तर "हो, वहिनी" कशाला म्हणाला? मी खरं बोला म्हटलं होतं. स्पष्ट शब्दांत म्हटलं होतं, सगळ्या गल्लीने ऐकलं असेल. त्याने नाही म्हणायला हवं होतं. मी ऐकून घेतलं असतं.

शनिवार, २३ मार्च

स्टेशनपलीकडे गेले. एक खोली, एक खिडकी, खिडकीत वाळत घातलेला तोच सदरा. भाऊजी मला बघून उठले आणि स्वतःची खुर्ची पुढे केली. खुर्ची एकच होती. धाकटीने चहा ठेवला.

मी वाटेत सगळं ठरवलं होतं. आवाज चढवायचा नाही. आधी विचारायचं, ते नाही म्हणतील, मग मी म्हणेन, मला माहीत आहे, माझं चुकलं. शक्य तितक्या हळू आवाजात मी म्हटलं, "भाऊजी, पिंपात पाणी घातलं होतं का तुम्ही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हो, वहिनी. म्हटलं होतं ना मी. झालं ते झालं."

धाकटीने ओट्याकडे तोंड फिरवलं.

"अहो, नव्हतं घातलं तुम्ही," मी म्हटलं. शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद केला, म्हणजे मी ओरडलेच असणार. "तुम्ही तागे धूत होता. मास्तरांनी सांगितलं मला. तुम्ही थेंबभर पाणी घातलं नव्हतं."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बरं," ते म्हणाले. "नव्हतं घातलं."

मग माझं चुकलं हे मी म्हटलं, पण ते मी चहाच्या कपाला म्हटल्यासारखं झालं. परत चला म्हटलं. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले. त्यांना यायचं आहे की नाही, हे मला त्यांच्या तोंडावरून कळेना. इतकी वर्षं एका घरात काढली आणि या माणसाचं नाही कसं दिसतं ते मी पाहिलेलं नाही.

धाकटी खालपर्यंत सोडायला आली. पिशवीतून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. अॅसेटिकची बाटली, तळाशी दोन बोटं उरलेली.

"नळाचे डाग काढायला मी नेली होती," ती म्हणाली. "तुम्ही ओरडायला लागलात, म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. मोठ्या भाऊजींनी ऐकलं आणि म्हणाले, राहू दे, मी सांगतो." मग म्हणाली, "ताई, यांना काही विचारू नका आता. काही दिवस नुसत्या येऊन बसत जा."

घरी आले. हे टेबलाशी बसले होते. बाटली मी त्यांच्या कोपराजवळ ठेवली, झाकण सैल होतं म्हणून खोलीभर व्हिनेगरचा वास सुटला. मी शेजारी बसले आणि विचारलं, "अॅसेटिकची बाटली तुम्ही नेली होती ना?" हळू विचारलं. या वेळी खरंच हळू, मला माझाच आवाज ओळखू येईना.

"हो," हे म्हणाले. भिंगावरून डोळे उचलले नाहीत.

मी पुढे काही विचारलं नाही. वही घेऊन स्वयंपाकघरात आले आहे. हे अजून तिथेच घासत बसले आहेत, आवाज येतोय. लग्नाआधी बसथांब्यावर मी यांना म्हटलं होतं, करणार आहात की नाही ते एकदाचं खरं सांगा. तेव्हाही हे हो म्हणाले होते, आणि तेव्हाही मी रागातच होते.